लूमचा पाया उकरणारी पहार

मित्रांनो, घराच्या मागच्या बाजूला, न्हाणीच्या भिंतीला टेकून उभी असलेली एखादी लोखंडी पहार तुम्ही पाहिली असेल. पाहिली म्हणजे तिला अडखळला असाल, कारण आम्हाला मुद्दाम बघायला कोणी येत नाही. मी तशीच एक जुनी पहार. माझं एक टोक अणकुचीदार, दुसरं चपटं, आणि मधलं अंग माणसांच्या तळहातांनी गुळगुळीत झालेलं. बोलायची मला सवय नाही. आयुष्यभर ठणठणाट केला, तोच काय तो माझा आवाज. पण आता मी दमले आहे, आणि दमलं की मागचं आठवत बसावंसं वाटतं.

जन्माने मी पहार नव्हे. आधी मी एका ट्रकचा ॲक्सल होते. भिवंडीत ट्रकांना तोटा नाही, त्यातलाच तोही एक. कापडाचे गठ्ठे वाहून वाहून त्याने एक दिवस मान टाकली आणि मी भंगारात गेले. तिथून एका लोहाराने मला उचललं, भट्टीत लालबुंद केलं आणि मनसोक्त ठोकलं. तेव्हा फार राग आला होता. पण भंगारात गंजत पडण्यापेक्षा मार खाणं बरं, हे मला लवकरच कळलं. लोहाराने मला पाण्यात बुडवलं, चर्र आवाज झाला, आणि मी पहार झाले.

मला विकत घेतलं मुख्तारशेठनी. त्यांचं घर कल्याण रस्त्याला, कोन गावाच्या अलीकडे, आतल्या गल्लीत. घराच्या मागे मोकळी जागा होती आणि तिथे त्यांना लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना घालायचा होता. शेठ तेव्हा तरुण होते, नुकतं लग्न झालं होतं. मशीन बसवायला पाया लागतो, पाया घालायला खड्डे लागतात, आणि खड्डे खणायला मी लागते. त्या परसातली पहिली माती मीच उपसली. भुसभुशीत, ओली, खाडीकडच्या वाऱ्याचा खारट वास असलेली माती होती ती. एका ढुशीत मी हातभर आत जायची.

पुढे कारखाना सुरू झाला आणि माझी चांगलीच वर्णी लागली. उत्तर प्रदेशातून आलेले कारागीर मला 'खाला' म्हणायचे. जड काही सरकवायचं असलं की कोणीतरी ओरडायचं, "अरे, खाला को बुलाव!" आणि मला खांद्यावर घेऊन आणायचे. मावशी म्हटलेलं कोणाला आवडत नाही? मी फुशारून जायची.

आता मुद्द्याची गोष्ट सांगते, नीट ऐका. लूम दिवसरात्र धडधडतं. त्या धडधडीने त्याचा पाया हळूहळू ढिला होतो. पाया हलला की मशीन हलतं, मशीन हललं की कापडात खोट येते. खरं म्हणजे अशा वेळी मशीन उतरवावं, जुना पाया फोडून काढावा आणि नवा घालावा. पण तेवढे दिवस मशीन बंद राहणार. मुख्तारशेठना ते बघवायचं नाही. शुक्रवारी कारखान्याला सुट्टी असायची. त्या दिवशी मला मशीनखाली घालून ते उचलायचे, विटा सरकवायचे, आणि शेठ सांगायचे, "फोडत कुठं बसता? वरनंच ओता. शिफ्ट चुकली न्हाय पाहिजे."

मग जुन्या पायावरच नवं काँक्रीट वरून ओतायचे. लोखंडी सळया आणायला कोणाला सवड? मोडके शाफ्ट, तुटक्या साखळ्या, वाकलेल्या पट्ट्या, हाताला लागेल ते काँक्रीटमध्ये कोंबायचे. ते सुकलं न सुकलं की मशीन चालू. मग दोन-चार वर्षांनी पुन्हा तेच. एकट्या मुख्तारशेठना नावं ठेवू नका हं. गल्लीतले सगळेच कारखानदार असंच करायचे आणि एकमेकांना शहाणे समजायचे.

शेठच्या बायकोचं नाव सुरैया. कारखाना घराला चिकटून, त्यामुळे त्या बाईने संसार केला तो ओरडून. जेवायला या, हेही ओरडून, आणि मुलगा मुबश्शिर चालायला लागला, हेही ओरडूनच. लूमच्या आवाजाने शेठचे कान हळूहळू गेले, मग आणखी मोठ्याने ओरडणं आलं.

मग दिवस फिरले. सूत महाग, कापडाला भाव नाही, कारागीर गावाला गेले ते परतले नाहीत. एकेक मशीन भंगारात निघालं. शेवटचं लूम टेम्पोत चढवताना मीच खालून रेटा दिला. शेठ टेम्पोमागून गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले आणि तिथेच बराच वेळ उभे राहिले. वरचे पत्रेही काढले. राहिला तो पाया. सुरैयाबी म्हणाली, हाही काढून टाकू. शेठनी मान हलवली. "पाया राहू दे. उद्या मशीन आणायची झाली तर?"

तो उद्या काही येईना. मुबश्शिर दापोड्याच्या एका गोदामात नोकरीला लागला. त्याला लूममध्ये काडीचा रस नव्हता. शेठ मात्र रोज मागच्या दारात खुर्ची टाकून त्या पायाकडे बघत बसायचे. मला कोणी खाला म्हणेना. माझ्या एका टोकाला कपड्यांची दोरी बांधली गेली. चार पावसाळे मी उघड्यावर काढले आणि अंगावर गंजाची सालं सुटू लागली.

सुरैयाबीला त्या जागेत झाड हवं होतं. साधं नाही, पांढऱ्या जांबाचं. तिच्या माहेरी खाडीच्या काठाला जांबाचं झाड होतं, आणि उन्हाळ्यात त्याखाली बसून ते पाणीदार जांब खाणं, एवढीच तिची चैनीची कल्पना. पण पाया फोडा म्हटलं तर नवऱ्याचं मन मोडतं. म्हणून तिने मधला मार्ग काढला. पायाला हात न लावता त्यावर मातीची गाडी ओतून घेतली. परस दिसायला छान झालं. वरून माती, खाली काँक्रीट, आणि दोघांचीही मनं राखलेली.

मित्रांनो, मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. शेठ आयुष्यभर वरून ओतत आले, आता बायकोनेही तेच केलं.

पहिलं रोप तिने गणेशपुरीच्या बाजूने आणलं. ते पावसाळ्यात तरारलं आणि उन्हाळ्यात वाळलं. दुसऱ्याची मुळं पावसाळ्यात पाणी साचून कुजली. तिसऱ्याला तिने शेणखत घातलं, वर साडीचा आडोसा केला, सकाळसंध्याकाळ पाणी घातलं. तेही वैशाखात करपलं. कुंपणाच्या भिंतीपलीकडे चांगदेव राहतो, आगरी माणूस. त्याची भातखाचरं आता गोदामांखाली गेली आहेत, एक पट्टी तेवढी उरली आहे. सुरैयाबी त्याला म्हणाली, "चांगदेवभाऊ, माझ्या हाताला गुण न्हाय."

"हाताचा काय दोष, वयनी," चांगदेव म्हणाला. "मुळाला खाली वाटच न्हाय, तर झाड काय करंल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या टोकाची दोरी सोडली. साठी उलटलेली बाई, गुडघे धरलेले. तिने मला कसंबसं उचललं, एका कडेची माती फावड्याने बाजूला केली आणि काँक्रीटवर घाव घालायला सुरुवात केली. ठण्. ठण्. काँक्रीटचं काही वाकडं झालं नाही. माझ्या टोकातून झिणझिण्या उठून तिच्या खांद्यापर्यंत जात होत्या, ते मला कळत होतं. तरी ती थांबेना. एका लयीत घाव घालत राहिली.

आत खाटेवर शेठ पाय खाली सोडून बसले होते. कोणी समोर येऊन ओरडल्याशिवाय कानांनी त्यांना काही ऐकू येत नाही, पण आयुष्य लूमवर गेलेल्या माणसाचे तळपाय ऐकतात. लादीतून धक्के गेले तसे ते उठले आणि अनवाणी मागच्या दारात आले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. क्षणभर त्यांना वाटलं असावं की मशीन चालू झालं.

मग त्यांना सुरैयाबी दिसली. हातात मी दिसले.

"हे काय चालवलंस?" शेठ ओरडले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढला ते कळत नाही. "पाया फोडलास तर उद्या मशीन कुठं बसवू?"

सुरैयाबी हळू आवाजात काहीतरी म्हणाली. शेठना ते ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्यांनी भिंतीवरून डोकावणाऱ्या चांगदेवकडे पाहिलं. "काय म्हणते ती?"

चांगदेवने घसा साफ केला आणि मोठ्याने सांगितलं, "वयनी म्हनते, पहिलं मशीनच्या वर ओरडले, मग तुमच्या कानांच्या वर ओरडले. आता माझा घसा दमलाय. मला ओरडवत न्हाय."

शेठ पुढे आले, त्यांनी मला तिच्या हातातून काढून घेतलं आणि भिंतीकडे फेकलं. मी तिथेच मातीत आडवी पडले. सुरैयाबी आत निघून गेली. त्या दिवशी घरात भांड्यांखेरीज कशाचाही आवाज झाला नाही, आणि पुढच्या दिवशीही नाही. नवरा-बायको भांडली तर मला चालतं, पण ती गप्प बसली की घराची रया जाते.

मग एका सकाळी शेठ एकटेच बाहेर आले. वाळलेल्या जांबाजवळ उकिडवे बसले. बहुधा मेलेलं रोप उपटून टाकावं, एवढंच त्यांच्या मनात असावं. त्यांनी ओढलं, पण ते सहजी येईना. त्यांनी हातांनी माती बाजूला केली. मुळं काँक्रीटवर आडवी पसरली होती, पातेल्याच्या तळाला चिकटलेल्या शेवयांसारखी. इकडे तिकडे चाचपडून परत आपल्याच भोवती वळलेली. एकच मूळ खाली गेलं होतं. कुठे, तर लूमचा बोल्ट काढल्यावर राहिलेल्या भोकात. शेठनी ते हळूहळू ओढून काढलं. बोटभर लांब, जुन्या तेलाने काळं पडलेलं, आणि टोकाला चिरडल्यासारखं वाकलेलं. त्या भोकाला पुढे वाटच नव्हती.

शेठ ते मूळ हातात धरून बसून राहिले. ते भोक त्यांनी स्वतः मापून पाडून घेतलेलं होतं. त्यांना रडू आलं का, ते मला सांगता येणार नाही, कारण माझ्याकडे त्यांची पाठ होती. मग ते उठले, मला उचललं, लुंगीच्या टोकाने माझ्यावरची माती पुसली आणि भिंतीपाशी जाऊन म्हणाले, "चांगदेव, तुझ्याकडं घण हाय ना?"

चांगदेव म्हणाला, "ब्रेकर मशीन बोलवू का?" मग त्यानेच मान हलवली. दोन्ही घरांची भिंत सामाईक आणि जुनी. ब्रेकरच्या हादऱ्याने ती आधी पडली असती. तेव्हा काम हातांनीच करायचं ठरलं. दोन म्हातारे आणि एक म्हातारी पहार.

काँक्रीट फोडायचं म्हणजे वरून धोपटायचं, असं तुम्हाला वाटेल. तसं केलं तर हात भरून येतात, दुसरं काही होत नाही. आधी कडेची माती उकरून काँक्रीटची धार उघडी करायची. मग माझं चपटं टोक त्याच्या पोटाखाली सारायचं, माझ्याखाली दगडाचा टेकू द्यायचा आणि दुसऱ्या टोकावर भार टाकायचा. काँक्रीट चार बोटं उचललं की त्या फटीत दगड सरकवायचा. पोटाखाली मोकळं झालं की मग घणाच्या दोन घावांत ते तडकतं. चांगदेव घण घालायचा, शेठ माझ्यावर लोंबकळायचे.

काम वेगाने होईल अशी आशा होती, पण पहिला थर निघाला आणि खाली दुसरा दिसला. दुसरा निघाला तर खाली तिसरा. चांगदेव खाली बसला आणि टॉवेलने तोंड पुसत म्हणाला, "शेठ, तुम्ही पाया घातला का चपात्यांची चवड रचली?"

शेठना ते ऐकू आलं नाही, पण त्याचा हात मधल्या थरावर टेकलेला दिसला. ते म्हणाले, "हा मधला मुबश्शिरच्या वक्ताचा. तो पैदा झाला त्या शुक्रवारी ओतला. मी दवाखान्यात न्हाय गेलो, इथं उभा होतो."

दारात चहा घेऊन सुरैयाबी उभी होती. तिने कप खाली ठेवले आणि आत न जाता पायरीवर बसली.

काँक्रीटमध्ये कोंबलेल्या भंगाराने फार छळलं. तुकडा तडकायचा, पण आतला शाफ्ट त्याला सोडायचा नाही. मला त्या फटीत घालून पिळायचं, वाकवायचं, पुन्हा घाव. त्यात माझं अणकुचीदार टोक बोथट झालं. शेठचे तळवे फुटले. कंबर धरून ते मधेच थांबायचे, सुरैयाबी हळद लावून फडकं बांधायची, की परत सुरू. घाईघाईत एकेका शुक्रवारी जे ओतलं होतं, ते काढायला उरलेला अख्खा उन्हाळा गेला. निघालेले तुकडे घमेल्याने वाहून गल्लीतल्या खड्ड्यांत टाकले, त्यामुळे शेजारीपाजारी खूश झाले. ज्यांची कंबर मोडली त्यांना मात्र कोणी विचारलं नाही.

शेवटचा तुकडा निघाला तेव्हा खाली माती होती. तीच, जी मी तरुणपणी उपसली होती. पण आता ती राखाडी पडली होती, घट्ट, तेलाचा वास येणारी. त्यात एक किडामुंगी नव्हती. मला फार थकल्यासारखं वाटलं. चांगदेवने ती कमरेइतकी खोल उपसायला लावली आणि आपल्या उरलेल्या पट्टीतली माती, शेणखत घालून, त्या खड्ड्यात भरली. "एक पाऊस खाऊ दे तिला," तो म्हणाला. म्हणून पावसाळा चांगला लागेपर्यंत सगळे थांबले.

लावणीच्या दिवशी सकाळी पाऊस उघडला होता. खड्डा तयार होता, जांबाचं नवं रोप पिशवीतून काढून बाजूला ठेवलं होतं. शेठ खड्ड्यापाशी बसले होते. तेवढ्यात घराच्या कडेने एक माणूस मागे आला. लूमच्या खरेदी-विक्रीतला दलाल होता तो, जुन्या ओळखीचा. शेठची पाठ त्याच्याकडे होती.

"भाभी, शेठना सांगा," तो सुरैयाबीला म्हणाला. "एक पार्टी चार लूम बसवायला जागा बघते. शेठना भागीदार घ्यायला तयार हाय. आजच हो बोलले तर उद्या पाया घालू."

सुरैयाबीने नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. त्याने काहीच ऐकलं नव्हतं. मित्रांनो, तिथे मी होते, म्हणून सांगते. तिने नुसती मान हलवून त्या माणसाला वाटेला लावलं असतं, तर कोणाला कधीच कळलं नसतं. भिंतीवरून बघणारा चांगदेवसुद्धा खाली वाकून नसलेलं गवत उपटायला लागला. जांबाचं रोप तिच्या पायाशी होतं.

ती शेठच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि इतक्या दिवसांनी तिने आवाज चढवला. "ऐकलं का! मशीन येतात म्हणून सांगायला आलाय हा. चार लूम. तुम्हाला भागीदार घेतात. काय सांगू?"

शेठ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग दलालाकडे वळले. कितीतरी वर्षं त्या खुर्चीत बसून ते हेच शब्द ऐकायची वाट बघत होते. मला हातात घट्ट धरलेलं होतं.

"उशीर केलास," ते म्हणाले. "जागा गेली."

"कोणाला दिली?" दलालाने विचारलं.

शेठनी सुरैयाबीकडे बोट दाखवलं. दलालाला काही उमगलं नाही. तो थोडा घुटमळला, सलाम करून निघून गेला.

शेठनी रोप खड्ड्यात धरलं, सुरैयाबीने माती लोटली. आणि मग शेठनी काय करावं? मला उलटं धरलं आणि चपट्या टोकाने रोपाभोवतीची माती धमाधम ठोकायला लागले. पाया घालताना ठोकायचे तशीच. माणूस मशीन सोडतो, पण हाताला लागलेलं वळण कुठलं लगेच सुटतं? चार घाव पडले, माती दगडासारखी बसली. पाचव्या वेळी सुरैयाबीने त्यांचं मनगट धरलं.

ती आता ओरडली नाही. शेठ तिच्याकडेच बघत होते, तेव्हा तिने ओठ हलवून सावकाश सांगितलं, "हे मशीन न्हाय. हे हललं तर चालतं."

शेठना ते कळलं. त्यांनी मला खाली ठेवलं आणि बोटांनी ती माती पुन्हा मोकळी करायला घेतली.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. मी आता फार काम करू शकत नाही. माझं टोक बोथट आहे, त्याला धार लावायला लोहाराकडे न्यायला हवं, ते कधी जमेल कोण जाणे. निदान मला दारामागे कोरड्या जागी ठेवतात, तेवढं पुष्कळ आहे. तुमच्याही घरामागे माझी एखादी बहीण पावसात भिजत उभी असेल, तर तिला आत घ्या, तेलाचं फडकं फिरवा. आणि मोठी माणसं जमिनीवर काही ओतायला निघाली, तर त्यांचा हात धरून एवढंच विचारा, की हे पुढे काढणार कोण. घाई असणारा ओततो आणि निघून जातो. काढायला मागे राहतात ती म्हातारी माणसं, आणि आम्ही.

काल वाऱ्याने जांब पार वाकला होता. शेठनी त्याला सावरायला हात पुढे केला आणि मग तो हात मागे घेऊन ते सुरैयाबीच्या शेजारी पायरीवर बसून राहिले.